मांडीतली ‘चरबीची गाठ’ सार्कोमा निघाली: पाय वाचेल का, आणि कोणाचं ऐकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या भावाचं वय 41, सांगली जिल्ह्यात टेम्पो चालवतात. डाव्या मांडीत पुढच्या बाजूला वर्षभर गाठ होती, दुखत नव्हती. जवळच्या दवाखान्यात चरबीची गाठ म्हणून काढली. एमआरआय केला नव्हता. रिपोर्टमध्ये आलं: हाय ग्रेड (झपाट्याने वाढणारा) सार्कोमा, आकार 7 सेंमी, कडा पॉझिटिव्ह (काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत आजार). एक डॉक्टर म्हणतात पाय काढावा लागेल. दुसरे म्हणतात 33 शेक, म्हणजे किरणोपचार, लगेच सुरू करा. चुलतभाऊ म्हणतो, प्रोटॉनच्या मशीनवर न्या. पाय वाचेल का? तीन माणसं तीन गोष्टी सांगतात, तर कोणाचं ऐकायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून पाय बहुतेक वाचेल. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

आता दुसरी गोष्ट. उद्या सकाळी काहीही सुरू करू नका. ऑपरेशन नको आणि शेकही नकोत. मी स्वतः किरणोपचाराचा डॉक्टर आहे, वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय, तरी सांगतो. नीट तपासण्या करण्यात दोन-तीन आठवडे गेले तर फारसं बिघडत नाही. घाईघाईत चुकीच्या क्रमाने उपचार झाले तर मात्र नंतर दुरुस्त करता येत नाहीत. याचा अर्थ दोन-तीन महिने थांबा असा नाही. आणि गाठीच्या जागी कोणी पाल्याचा लेप लावा, मालिश करून घ्या म्हणालं, तर हात जोडून नाही म्हणा.

सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, नसांभोवतीचं (मज्जातंतूंभोवतीचं) आवरण अशा मऊ भागांत किंवा हाडात होणारा कर्करोग. मोठ्या माणसांच्या सगळ्या कर्करोगांत मऊ भागातल्या सार्कोमाचं प्रमाण जेमतेम 1 टक्का, आणि त्यातही 50 हून अधिक प्रकार. शरीरावरच्या साध्या चरबीच्या गाठी मात्र हजारोंनी दिसतात. त्यामुळे ज्या सर्जनने आयुष्यभर शंभर लायपोमा, म्हणजे चरबीच्या गाठी, काढले, त्याला एकशे एकावी गाठ वेगळी आहे हे हाताला कळेलच असं नाही. म्हणून आम्ही एक ढोबळ खूण सांगतो: गाठ लिंबापेक्षा मोठी असेल, वाढत असेल किंवा स्नायूच्या आत खोल असेल, तर सुरी लावण्याआधी एमआरआय, आणि मग जाड सुईने तुकडा घेऊन तपासणी. दुखत नाही म्हणजे साधी असणार, हा समज फार माणसांना महागात पडलाय. तुमच्या दादांच्या बाबतीत झालं ते जगभर होतं आणि त्याला आम्ही ‘अनियोजित ऑपरेशन’ म्हणतो. त्या डॉक्टरांशी भांडण्यात आता शक्ती घालवू नका. त्यांच्याकडून तुम्हाला अजून बऱ्याच गोष्टी हव्या आहेत.

काय हवं आहे? मेणाचे ब्लॉक, म्हणजे काढलेल्या गाठीचे मेणात जपलेले तुकडे, आणि काचेच्या स्लाइड. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. ऑपरेशनची नोट हवी: छेद कुठे दिला, गाठ अखंड निघाली की तुकड्या-तुकड्यांत, रक्त साचलं का, ड्रेनची नळी घातली होती का आणि ती कुठून बाहेर काढली. ऑपरेशनआधीची सोनोग्राफी असेल तर तीही. ब्लॉक मागायला संकोच वाटतो लोकांना. तो पेशंटचा हक्क आहे, सही करून मिळतात.

ब्लॉक यासाठी की सार्कोमाचं निदान सार्कोमा रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने पुन्हा तपासलं तर कधीकधी नावच बदलतं, आणि नाव बदललं की उपचार बदलतात. दादांच्या रिपोर्टमध्ये नुसतं ‘हाय ग्रेड’ म्हटलंय, ते अर्धंच नाव झालं. एक उदाहरण देतो. मिक्सॉइड लायपोसार्कोमा नावाचा प्रकार मांडीतच जास्त होतो आणि तो किरणांपुढे भलताच नरम पडतो. एरवी ऑपरेशनआधी 50 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) मात्रा देतात. या प्रकारात 36 ग्रेवरही गाठीने चांगला प्रतिसाद दिल्याचं 79 रुग्णांच्या एका अभ्यासात दिसलं, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. शिवाय बहुतेक सार्कोमा पसरतात ते फुप्फुसात, पण हा पाठीच्या कण्यात आणि दुसरीकडच्या चरबीतही जातो, म्हणून त्याला छातीच्या सीटीबरोबर मणक्याचा एमआरआयही लागतो. एका नावामुळे मात्रा, तपासणी, पुढची पाच वर्षं काय शोधायचं, सगळं बदललं.

आता ‘पाय कापा’ या सल्ल्याबद्दल. तो सल्ला देणारे डॉक्टर अडाणी आहेत असं नाही. 1970 च्या दशकापर्यंत मांडीतल्या मोठ्या सार्कोमाला पाय काढणं हाच अनेक ठिकाणी पहिला उपचार होता. मग अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एक चाचणी झाली, 1982 मध्ये ती छापून आली. रुग्ण फक्त 43. 16 जणांचा आजार झालेला हात किंवा पाय काढला. 27 जणांची गाठ काढून हात किंवा पाय राखला आणि वर किरणोपचार दिले. हात-पाय राखलेल्यांत चौघांना त्याच जागी आजार परत आला, काढलेल्यांत कोणालाच नाही. पण पाच वर्षांनी जगण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. 43 माणसांच्या या छोट्याशा अभ्यासाने जगातले किती पाय वाचवले असतील याचा हिशेब नाही. आज पाय काढावा लागतो तो मुख्य रक्तवाहिन्या, नस आणि हाड सगळंच वेढलेलं असेल, किंवा गाठ फुटून जखम सडली असेल तेव्हा. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

33 शेकांबद्दलही सांगतो. आपल्याकडे किरणोपचाराला ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाईट’ म्हणतं. शब्द रुळलाय, मीही ओपीडीत तोच वापरतो, पण त्यात ऊब काहीच नसते. यंत्राखाली पंधरा-वीस मिनिटं झोपायचं, त्यात किरण चालू असतात ती मोजकी मिनिटं, आणि काही जाणवत नाही. रोज 2 ग्रे, आठवड्यात पाच दिवस. म्हणजे 33 शेक म्हणजे 66 ग्रे. हा आकडा हवेतून आलेला नाही, ऑपरेशननंतर देतात तीच ही मात्रा. अडचण अशी की कडा पॉझिटिव्ह असताना, म्हणजे आजाराचा भाग मागे राहिलेला असताना, नुसत्या शेकांवर भिस्त ठेवणं मला पटत नाही. किरण डोळ्यांना न दिसणाऱ्या विखुरलेल्या पेशी मारायला चांगले. सार्कोमाचा शिल्लक राहिलेला गोळा संपवायला तितके भरवशाचे नाहीत. अनियोजित ऑपरेशननंतर त्या जागेचा भाग पुन्हा काढला, तर साधारण निम्म्या जणांत आजार शिल्लक सापडतो. म्हणून दादांना पुन्हा ऑपरेशन लागणार, हे जवळजवळ नक्की धरा.

प्रश्न उरतो क्रमाचा: आधी शेक की आधी ऑपरेशन. आणि इथे एकट्या डॉक्टरचं काम संपतं.

आधी शेक दिले तर 25 पुरतात, 50 ग्रे, पाच आठवडे. मग चार ते सहा आठवडे थांबून ऑपरेशन. नंतर दिले तर मात्रा जास्त आणि शेकायचा भागही मोठा, कारण सर्जनचा हात जिथे-जिथे लागला तो सगळा भाग त्यात घ्यावा लागतो. कॅनडात या दोन क्रमांची थेट तुलना 190 रुग्णांत केली, 2002 मध्ये निकाल आला. आजार आटोक्यात ठेवण्यात दोन्ही सारखे. पण आधी शेक दिलेल्यांत जखमेचा त्रास 35 टक्क्यांना, नंतर दिलेल्यांत 17 टक्क्यांना. म्हणजे आधी दिले तर जखम चिघळण्याची शक्यता दुप्पट. मग आधी का द्यायचे? कारण जखम आज चिघळली तरी दोन-तीन महिन्यांत भरते. नंतरच्या मोठ्या मात्रेमुळे स्नायू दगडासारखे घट्ट होणं, गुडघा आखडणं, पायावर सूज राहणं, हे जन्मभराचं असतं. चाळिशीतल्या माणसासाठी मी हा सौदा सहसा पहिल्या बाजूने करतो. सर्जन मंडळींना जखम रोज बघावी लागते, त्यामुळे त्यांचा कल कधीकधी दुसरीकडे असतो, आणि त्यांचंही चूक नसतं.

हा वाद ज्या खोलीत होतो तिला ट्यूमर बोर्ड म्हणतात, काही ठिकाणी जॉइंट क्लिनिक. नाव भारदस्त आहे, पण असते एक अंधारी खोली, भिंतीवर एमआरआय, आणि चहा निवलेला. रेडिओलॉजिस्ट माउस फिरवत मांडीचे काप वरून खाली दाखवत जातो. सर्जन म्हणतो, थांब, दोन काप मागे घे, ती फेमोरल वाहिनी (मांडीतली मुख्य रक्तवाहिनी) आणि हा पांढरा भाग, यांच्यात चरबीची रेघ आहे का? रेघ असेल तर वाहिनी सोडवता येते. नसेल तर तिच्यावरचं आवरण तरी सोलून काढावं लागतं. पॅथॉलॉजिस्ट सांगते की कोणती कड पॉझिटिव्ह हे कळणार नाही, कारण नमुना तुकड्यांत आला होता. प्लास्टिक सर्जन विचारतो, कातडी किती जाणार? मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट केमोथेरपीबद्दल बोलतो. बहुतेक प्रकारांत तिचा फायदा मर्यादित आणि वादाचा, पण मोठ्या, हाय ग्रेड गाठीत आणि काही विशिष्ट प्रकारांत विचार करावा लागतो. मी शेकायचा भाग बोटाने पडद्यावर दाखवतो आणि कोणीतरी म्हणतं, एवढा? अशा खोलीत सगळ्यांचं दोन मिनिटांत एकमत झालं तर मला जरा शंकाच येते की कोणीतरी एमआरआय नीट बघितलेला नाही.

ही खोली नसेल तर काय होतं, ते मी स्वतः करून बसलोय. सुरुवातीची वर्षं होती. कापूस वेचायला जाणारी एक बाई, मांडीची गाठ बाहेर एका दवाखान्यात काढलेली, हातात चिठ्ठी: ‘शेक द्यावेत.’ मी दिले. ऑपरेशन करणाऱ्याशी फोनवरसुद्धा बोललो नाही. छेद आडवा होता, मांडीवर रुंदीच्या दिशेने जवळजवळ वीतभर, आणि ड्रेनचं भोक त्याच्यापासून चार बोटं लांब, बाहेरच्या अंगाला. नियोजनाच्या सीटीआधी आम्ही व्रणावर बारीक तार चिकटवतो, म्हणजे चित्रात तो दिसतो. ती तार मांडीच्या अर्ध्या घेराला वळसा घालून गेलेली होती.

सार्कोमा स्नायूंच्या लांबीने पसरतो, म्हणून छेद उभा दिला तर नंतर तो व्रण लांबटशा पट्ट्यात काढता येतो आणि शेकताही येतो. आडवा छेद म्हणजे घेर धरावा लागतो. पायात वर वाहून जाणारा लसिका द्रव कातडीखालच्या बारीक वाटांनी जातो. त्यासाठी मांडीचा एक उभा पट्टा आम्ही किरणांपासून कटाक्षाने वाचवतो. त्या बाईच्या मांडीत मागच्या बाजूला दोन बोटांची पट्टी उरली. दोन वर्षांनी आली तेव्हा आजार परत आलेला नव्हता. पण सुजेमुळे डाव्या पायात पैंजण चढत नव्हतं. आज ती केस बोर्डावर आली असती तर कोणीतरी विचारलं असतं, आधी तो व्रण पुन्हा काढून, वर दुसरीकडचा मांसल तुकडा फिरवून आणता येईल का? मी एकटा होतो, मला सुचलं नाही.

म्हणून दादांच्या मांडीवरचा छेद उभा की आडवा आणि ड्रेनचं भोक कुठे, हे मला पहिल्या पाच प्रश्नांत हवं असतं. छेद उभा आणि भोक त्याच रेषेत असेल, तर निम्मं काम झालं. आडवा असेल तर माझा कल सरळ आहे: आधी 25 शेक, मग तो सगळा भाग काढून त्या जागी किरण न लागलेला फ्लॅप. ताजं रक्त असलेलं मांस आणून बसवलं की जखम भरायला मदत होते. पण हा कल एमआरआय न बघता सांगितलेला आहे, तेवढंच त्याचं वजन धरा.

प्रोटॉनबद्दल. चुलतभावाचा हेतू चांगला आहे. खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात 2023 पासून प्रोटॉनने उपचार होतात, चेन्नईला एका खासगी रुग्णालयात 2019 पासून. साधे क्ष-किरण शरीरातून आरपार जातात आणि वाटेत सगळीकडे थोडी-थोडी मात्रा सोडतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन जवळजवळ सगळी शक्ती तिथेच टाकतो आणि थांबतो. याचा खरा उपयोग जिथे गाठीच्या मागे लगेच मेंदूचा देठ किंवा मज्जारज्जू असतो. कॉर्डोमाचंच बघा. गर्भातल्या कण्याच्या उरलेल्या पेशींपासून होणारी ही गाठ दहा लाखांत वर्षाला एखाद्याला होते, माकडहाडाच्या वर त्रिकास्थीत किंवा कवटीच्या तळाशी. तिला 70 ग्रेच्या वर मात्रा लागते, आणि शेजारचा मेंदूचा देठ त्याच्या बराच अलीकडे दुखावतो. तिथे प्रोटॉनसाठी मी माणसाला विमानाने पाठवीन. मांडीत असं शेजारी कोण आहे? हाड, स्नायू, कातडी. चांगल्या लिनॅकवर, म्हणजे किरणोपचाराच्या नेहमीच्या यंत्रावर, रोज सीटीने जागा पडताळून दिलेले नेहमीचे किरण पुरतात. प्रोटॉनसाठी रांगेत दीड महिना घालवलात तर तोटाच आहे. मशीनचं नाव विचारण्यापेक्षा ‘तुमच्याकडे वर्षाला किती सार्कोमा येतात आणि बोर्ड कोणत्या वारी बसतं’ हे विचारा.

आणि टीम म्हणजे नुसती उपचारांची भर घालणारी माणसं नव्हेत. पोटाच्या मागच्या पोकळीतल्या सार्कोमाला ऑपरेशनआधी शेक द्यावेत असं आम्हा किरणवाल्यांना फार वाटायचं. 266 रुग्णांची चाचणी झाली, 2020 मध्ये निकाल आला, एकूण सगळ्यांचा विचार करता फायदा दिसला नाही. आता तिथे मीच बहुतेक वेळा हात आखडता घेतो. डेस्मॉइड नावाची दुसरी दुर्मीळ गाठ आहे, ती कर्करोगात मोडत नाही. तिला तर पूर्वी सरसकट कापायचे, आता अनेकांना आधी नुसतं लक्ष ठेवून थांबायला सांगतात, आणि काही गाठी आपोआप आवरतातही.

कुठे जायचं? जिथे हाड-मऊ भागांच्या गाठींची वेगळी टीम आहे तिथे निदान एकदा तरी. परळला टाटात ती आहे. पुण्या-मुंबईत आणखीही ठिकाणं आहेत. पण सगळे उपचार तिथेच घ्यायला हवेत असं नाही. निदान, बोर्डाचा निर्णय आणि ऑपरेशन तिथे, आणि पाच आठवड्यांचे शेक मिरज-सांगली-कोल्हापूरकडे, अशी विभागणी आम्ही बऱ्याचदा करतो. अट एकच, दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांशी बोललेले असावेत आणि शेकायच्या भागाचा नकाशा एकच असावा. 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आता 300 हून अधिक संस्था आहेत, आणि दूरच्या रुग्णालयातले डॉक्टर तिथल्या ऑनलाइन ट्यूमर बोर्डापुढे केस मांडू शकतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा, ते त्यात आहेत का. मुंबईत राहायची सोय लागली तर मेडिकल सोशल वर्करकडे आधी जा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या पेशंटची वर्षानुवर्षं सोय होते. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा जोतिराव फुले योजनेचे कागद तिथेच मार्गी लावतात.

दोन गोष्टी बहीण-भावात बोलायला अवघड आहेत, पण बोलाव्या लागतील. एक, दादांना अजून मूल हवं असेल तर शेक किंवा केमोथेरपी सुरू होण्याआधी शुक्राणू गोठवून ठेवायची चौकशी करा. मांडीच्या वरच्या भागाला किरण दिले तर विखुरलेली थोडी मात्रा वृषणापर्यंत पोचते. आम्ही पाय फाकवून ठेवतो, झाकतो, तरी पूर्ण टाळता येत नाही. हे वहिनींसमोर डॉक्टरांनी सांगितलं तर बरं. दोन, टेम्पोवर मावा किंवा तंबाखू चालू असेल तर ती आजपासून बंद. निकोटिनने जखमेच्या कडांचं रक्त आटतं, आणि वर सांगितलेल्या 35 टक्क्यांत त्यांना मुद्दाम पाठवायचं काही कारण नाही.

शेक सुरू होताना त्यांच्या मांडीवर सुईने तीन-चार ठिपके गोंदतील. रोज यंत्राखाली पाय तसाच्या तसा ठेवायला त्यांचा उपयोग होतो. ते कायम राहतात, पण तिळाएवढे असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कातडी काळवंडेल, जांघेत सोलवटेल. सैल लेंगा घालायचा, आणि मनाने तेल-हळद काही लावायचं नाही. उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी मांडी आणि छाती तपासायची. छातीत एखादा ठिपका दिसला तरी घाबरून घरी बसायचं नाही; मोजके असले तर तेही काढता येतात.

शेवटचं, फिजिओथेरपिस्ट. त्यांना लोक ऑपरेशननंतर भेटतात. तुम्ही आधी भेटवा. तुम्ही लिहिलंय डावी मांडी, पुढची बाजू, म्हणजे गुडघा सरळ करणारा स्नायू. टेम्पोचा क्लच डाव्या पायाने दाबतात. त्या स्नायूच्या चार भागांपैकी एक गेला तर बहुतेक माणसं क्लच दाबतात. दोन-तीन गेले आणि फेमोरल नसही गेली तर गुडघा दगा देतो, पट्टा बांधून चालावं लागतं. किती भाग काढायचे हे अर्थात गाठ ठरवते. पण बोर्डात सर्जनला हे माहीत असलं पाहिजे की हा माणूस दिवसभर क्लच मारून घर चालवतो. तेव्हा केस पेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात नुसतं ‘खासगी नोकरी’ लिहू देऊ नका. ‘टेम्पो चालक’ असं लिहून घ्या.